१५ ग्रॅमची ट्यूब

[स्टीलचं मोठं भांडं, वरून. आत पाणी संथ फिरतंय.]

हे पाणी आहे. शुद्ध केलेलं, पण पाणीच. दुपारपर्यंत याचं डोळ्यांखाली लावायचं क्रीम होईल, आणि तेव्हाही त्यात सगळ्यात जास्त हेच असेल.

पुण्याजवळच्या एका एमआयडीसीतला हा छोटा कारखाना. इथे स्वतःच्या नावाचं एकही क्रीम बनत नाही, दुसऱ्यांची बनतात. ब्रँडवाले येतात, रंग असा हवा म्हणतात, वास तसा हवा म्हणतात, आणि दर एवढ्यात बसवा म्हणतात. धंद्यात याला थर्ड पार्टी म्हणतात. नाव दाखवायचं नाही या अटीवर आम्हाला कॅमेरा आत नेता आला. डोक्याला जाळीची टोपी, बुटांवर प्लास्टिकची पिशवी.

[मेणाचे दाणे भांड्यात पडतात. जवळून.]

पाण्यात ग्लिसरीन गेलंय. शेजारच्या भांड्यात तेलाची बाजू तापतेय. त्यात मेणाचे हे पांढरे दाणे, शिया बटरचा गोळा आणि थोडं तेल. दोन्ही भांडी ७० ते ७५ अंशांवर आणायची. केमिस्ट मॅडम काट्यावरून नजर हलवत नाहीत. एक बाजू गार राहिली तर मेणाच्या गुठळ्या होतात, आणि अख्खी बॅच फेकायची वेळ येते.

आता बघा.

[तेल पाण्यात ओतलं जातं. मूळ आवाज. आठ सेकंद निवेदन नाही.]

पाण्याला रंग नव्हता, तेल जेमतेम पिवळसर होतं. हा पांढरा रंग कुणी घातलेला नाही. तळाशी होमोजनायझर मिनिटाला हजारो फेरे घेतोय. तो तेलाचे इतके बारीक थेंब करतो की उजेड त्यांच्यावर आपटून चहूकडे फाकतो. दूध पांढरं दिसतं तेही असंच.

इथवर जे तयार झालं ते साधं मॉइश्चरायझर. हातापायांना लावायचंही याच रीतीने बनतं. डोळ्यांसाठी म्हणून जे वेगळं, ते या ट्रेमध्ये आहे.

[ट्रे. चार-पाच छोट्या वाट्या, ड्रॉपर, काटा.]

क्रीम ४० अंशांच्या खाली आलं की हा ट्रे रिकामा करायचा. जास्त उष्णतेत यातलं काही काही निकामी होतं. ही पांढरी पूड कॅफीनची. ही नायसिनामाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. त्वचेत तयार झालेला रंग वरच्या पेशींपर्यंत पोचवण्याचं काम ते मंदावतं, पण त्याला आठवडे लागतात. ड्रॉपरमध्ये पेप्टाइडचं, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांचं, द्रावण आहे. आणि या वाटीत अभ्रक.

हो, डोंगरात सापडतं तेच अभ्रक. बारीक दळून त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवलेला. मॅडमनी त्यात बोट बुडवलं आणि आमच्या कॅमेरामनच्या मनगटावर एक रेघ ओढली.

[मनगट. उजेडात हलवलेलं.]

'पहिल्याच वापरात उजळपणा' असं खोक्यावर छापतात, तो उजळपणा हा. खोटं काही नाही. तोंड धुतलं की तो जातो, एवढंच.

[बँकेतल्या ताईंचं घर. खिडकीजवळचा आरसा.]

ताई बँकेत काउंटरवर बसतात. आजारी आहेस का, झोप झाली नाही का, असं त्यांना कॉलेजपासून विचारलं जातंय. ड्रेसिंग टेबलच्या खणात डोळ्यांच्या क्रीमच्या सहा ट्यूब निघाल्या. एकही संपलेली नव्हती.

डोळ्यांखालची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, कुठे त्याहूनही पातळ. तिच्यात तेलाच्या ग्रंथी कमी असतात. त्यामुळे ती लवकर कोरडी पडते आणि खाली जे असेल ते वर दाखवते. काळं दिसतं ते सगळ्यांचं एकच नसतं. कुणाच्या त्वचेतच रंग जास्त असतो, तो तपकिरी दिसतो. कुणाच्या रक्तवाहिन्या दिसतात, त्या निळ्या-जांभळ्या. आणि कुणाच्या डोळ्यांखाली खळगा असतो किंवा फुगवटा, आणि काळी दिसते ती त्याची सावली. बऱ्याच जणींच्या बाबतीत हे सगळं थोडंथोडं असतं.

[डोळा, अगदी जवळून. बोटाने त्वचा हलकेच खाली ओढली जाते.]

ताई, वर बघा. आता त्वचा जरा ताणा. तपकिरी रंग ताणल्यावरही जागच्या जागी राहतो. रक्तवाहिन्या असतील तर जांभळेपणा उलट वाढतो. आता समोरून दिवा लावू. खालचा भाग उजळला ना? म्हणजे तेवढी सावली होती. सावलीवर चालेल असं क्रीम या कारखान्यात बनत नाही आणि दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात बनत नाही.

ताईंच्या बाबतीत मुख्य रंगच. तो आला कुठून, तेही त्याच घरात सापडलं.

[भिंतीवरून काढलेला कृष्णधवल फोटो. आजीचं लग्न. कॅमेरा हळूहळू डोळ्यांवर.]

[सहा सेकंद निवेदन नाही.]

[कारखाना. ॲल्युमिनियमच्या रिकाम्या ट्यूबची रांग.]

रेटिनॉलचं, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाचं, क्रीम असेल तर ट्यूब ही अशी लागते, कारण उजेड आणि हवा लागली की रेटिनॉल खराब होतं. काचेच्या सुंदर डबीत रोज बोट बुडवून वापरायचं रेटिनॉल असेल, तर डबीचे पैसे तेवढे वसूल होतात.

या घटकाची गोष्ट अमेरिकेतली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वाचंच आणखी एक रूप, वापरत होते. वयाने मोठ्या बायका येऊन सांगू लागल्या की मुरुमांचं राहू द्या, चेहरा गुळगुळीत झालाय. १९८६ मध्ये क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाने वयस्क झालेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइनचा परिणाम दाखवला. आज सुरकुत्यांवर सगळ्यात भक्कम पुरावा याच कुटुंबाच्या मागे आहे. पण ट्रेटिनॉइन हे औषध आहे, ते चिठ्ठीवर मिळतं. क्रीममधलं रेटिनॉल त्याचं सौम्य भावंड. त्वचेत शिरल्यावर दोन पायऱ्या चढून ते त्याच रूपाला पोचतं, आणि प्रत्येक पायरीवर थोडं गळतं. म्हणून महिनोन्महिने लावावं लागतं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या क्रीममधल्या रेटिनॉलवर ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली.

[भिंग. ट्यूबची मागची बाजू. अक्षरं मुंगीएवढी.]

आमच्या चित्रीकरणातला सगळ्यात लांब शॉट हा आहे, आणि तो मुद्दामच कापलेला नाही.

भारतात नियम असा आहे. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यामागून, कुठल्याही क्रमाने. मग तो एक टक्का कुठे संपला हे कसं ओळखायचं? मॅडमनी एका शब्दावर पेन टेकवलं. फिनॉक्सिइथेनॉल. क्रीम नासू नये म्हणून घालतात, आणि ते साधारण एक टक्क्याच्या वर जात नाही. या नावाच्या मागे जे जे आहे ते बहुतेक सगळं चिमूटभर. पुढच्या बाजूला ज्या पेप्टाइडचं नाव सोनेरी अक्षरांत होतं, ते इथे सुगंधाच्याही मागे निघालं. काही पेप्टाइड थोडक्यातही काम करतात म्हणतात. म्हणोत. ग्लिसरीन मात्र दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि ही ट्यूब जे काही करेल त्यातलं पुष्कळसं तेच करेल. कोरड्या त्वचेतल्या बारीक रेघा पाणी धरलं की बुजतात.

या ट्यूबवर यादी आहे. नसती तरी चाललं असतं. आपल्या कॉस्मेटिक्स रूल्स २०२० मध्ये ३० ग्रॅमपेक्षा लहान क्रीमच्या पॅकला घटकांच्या यादीची सक्तीच नाही. आणि डोळ्यांचं क्रीम मिळतं १५ ग्रॅममध्ये. चेहऱ्याच्या इतर कुठल्याही जागेपेक्षा जिथे काय लावतोय हे कळायला हवं, तिथलीच ट्यूब या सवलतीत बसते. बऱ्याच कंपन्या यादी छापतात. ती त्यांची मर्जी.

कायद्याची आणखी एक गंमत. १९४० च्या कायद्याप्रमाणे सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारं, सुंदर करणारं, रूप बदलणारं. रोग बरा करतो म्हटलं की ते औषध झालं, आणि औषधाला पुरावे द्यावे लागतात. म्हणून खोक्यावर 'काळी वर्तुळं घालवतं' असं सहसा सापडणार नाही. 'काळी वर्तुळं कमी झाल्यासारखी दिसतात', हे सापडेल.

[स्टीलच्या गोळीची ट्यूब. मग ताईंचा फ्रिज, त्यातून काढलेला चमचा.]

सकाळची सूज उतरवायला म्हणून ही गोळीवाली ट्यूब विकतात. आत कॅफीन. कॅफीनने रक्तवाहिन्या आकसतात, इथवर शास्त्र बरोबर. थायलंडमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये ३४ जणांच्या डोळ्यांवर कॅफीनचं जेल आणि बिनकॅफीनचं जेल लावून पाहिलं. सूज उतरण्यात मोठा वाटा निघाला तो जेलच्या गारव्याचा. ताईंचा चमचा रात्रभर फ्रिजमध्ये होता. त्याला १५ ग्रॅमची अट नाही.

रंगावर रोज काम करतं ते सनस्क्रीन, गॉगल आणि डोळे न चोळणं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम डोळ्यांपाशी लावत राहिलं तर काचबिंदू, मोतीबिंदूपर्यंत गोष्ट जाऊ शकते. आणि गरोदरपणात रेटिनॉल नको.

[कारखाना, संध्याकाळ. ट्यूबचं शेपूट दाबून बंद होतं, बॅच नंबर उमटतो. खट, खट, खट.]

बॅच संपली. प्रत्येक बॅचमधल्या काही ट्यूब मॅडम बाजूला काढतात. त्या विकायच्या नसतात. मुदत संपेपर्यंत या मांडणीवर ठेवायच्या, तक्रार आलीच तर उघडून तपासायला.

[मांडणी. ओळीने ट्यूब, मार्करने लिहिलेल्या तारखा.]

वास बदलला, अशी तक्रार येते. पाणी सुटलं, अशीही येते. काळं गेलं नाही म्हणून कधी आली का, असं आम्ही विचारलं.

"छे," मॅडम म्हणाल्या. "ती कोण करतं? बाई दुसरी ट्यूब आणते."

[ताईंचा खण. सहा ट्यूब. खण बंद होतो.]