कमान मागनं का नाचते?

मंडळी, गणपती जवळ आले की मला एकच प्रश्न विचारतात: ‘गाण्याच्या तालावर पेटणाऱ्या कमानीला कंट्रोलर, म्हणजे माळा चालवणारा बोर्ड, कुठला घेऊ?’ मी उलट विचारतो, गाणं कुठून वाजणार? मग सगळे एकमेकांकडे बघतात.

इथं सोलापुरातच एका मंडळाची कमान मी केली होती. लाइट मेमरी कार्डावरून, लेझीमचा ताल साउंडवाल्याच्या मोबाइलवरून, आणि दोघांनी एकदम बटण दाबायचं. सुरुवात झकास झाली. नंतर हलगी आधी वाजायची आणि माळ मागनं पेटायची. एक आजोबा म्हणाले, “कमान मागनं नाचतीय की ओ!” चूक माझीच. दोन यंत्रांची दोन घड्याळं, ती जुळून चालत नाहीत.

म्हणून गाणं आणि लाइट एकाच यंत्रातून निघू द्या. संगणकावर एक्सलाइट्स हे लाइट गाण्याशी जुळवायचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. अमेरिकेत नाताळात घरं सजवणाऱ्या हौशी लोकांत ते फार चालतं, पण त्याला ‘जिंगल बेल्स’ काय नि आपली लेझीम काय, सारखीच. गाण्याची पट्टी समोर दिसते, ठोक्याठोक्याला कुठली माळ पेटायची ते मांडायचं. पहिल्या गाण्याला रात्री जातात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तयार फाइल रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच्या फाल्कन प्लेयरमध्ये, म्हणजे गाणं आणि लाइट एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकायची. तिथूनच आवाज साउंडवाल्याला वायरनं द्यायचा. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा पोचतो.

काही पोरं म्हणतात, ईएसपी३२ या छोट्या वायफाय बोर्डावर डब्ल्यूएलईडी हे माळा चालवणारं सॉफ्टवेअर टाकू, माइक लावू, आपोआप नाचेल. नाचेल की. पण शेजारच्या मंडळाच्या ढोलावर! डब्ल्यूएलईडी वाईट नाही, त्याला प्लेयरचं ऐकायला लावा. फक्त गर्दीत वायफायवर भिस्त ठेवू नका. लॅन केबलचा बोर्ड घ्या.

आता कंट्रोलर. आधी पिक्सेल, म्हणजे माळेतले वेगवेगळे पेटणारे दिवे, मोजा. डब्ल्यूएस२८११ जातीच्या माळेत एका पिक्सेलचा निरोप पोचायला ३० मायक्रोसेकंद लागतात. कमानीवरचं चित्र सेकंदाला ४० वेळा बदलायचं असेल तर एका चित्राला २५ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे एका डेटा वायरवर ८०० पिक्सेलपर्यंतच थांबायचं. २,४०० पिक्सेलची कमान असेल तर कंट्रोलरवर किमान ३ आउटपुट, म्हणजे डेटा वायर जोडायच्या जागा, धरा. दुकानदार एकाच आउटपुटवर जास्तीचा आकडा सांगेल. तो खोटा नसतो, पण तेवढ्यावर चित्रं संथ होतात.

विजेत कंजूषी करू नका. ५ व्होल्टचा पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो. असे ६०० म्हणजे ३६ अँपिअर. एका टोकाकडनंच वीज दिली तर दुसरं टोक पिवळट, लालसर दिसतं. मधेमधे जाड वायरनं पुन्हा द्यावी लागते. लांब कमानीला १२ व्होल्ट बरं. आणि भाद्रपदातला पाऊस लक्षात घेऊन अर्थिंग नि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आधी, रोषणाई नंतर.

शेवटची चाचणी स्टेजजवळ उभं राहून घेऊ नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून ३४ मीटरवरच्या माणसाला ठोका एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. तेवढ्यात कमानीवर चार चित्रं सरकलेली असतात. म्हणून गर्दी जिथं थांबते तिथं जाऊन बघायचं आणि लाइट तेवढा उशिरा पेटवायचा.