आडव्या दांड्याला लटकलेला गोलकीपर

श्रोतेहो, नमस्कार.

समोरून तीन फॉरवर्ड सुसाट धावत येताहेत. गोलकीपर उडी मारतो, गोलाच्या आडव्या दांड्याला दोन्ही हातांनी लटकतो आणि चेंडू पकडतो तो चक्क दोन पायांमध्ये! ते तिघे आपल्याच वेगानं गोलात जाऊन कोसळतात. इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये आपण हे पाहिल्याचं एका जुन्या प्रेक्षकानं १९४२ साली तिथल्या वर्तमानपत्राला पत्रातून कळवलं होतं. त्यात थोडं तिखटमीठ असेलही. पण ज्याच्याबद्दल ते लिहिलंय, त्या आर्थर व्हार्टनला ते शोभतं.

व्हार्टनचा जन्म १८६५ मधला, अक्राचा, म्हणजे आजच्या घानातला. वडील मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी. मुलानंही तेच करावं म्हणून त्याला इंग्लंडला, डार्लिंग्टनला शिकायला पाठवलं. पोरगं रमलं मैदानात. १८८६ साली लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर, राष्ट्रीय स्पर्धेत, पठ्ठ्यानं १०० यार्ड बरोबर १० सेकंदांत मारले!

एवढा वेगवान माणूस गोलात कशाला उभा करायचा, असं तुम्हाला वाटेल. पण तेव्हा गोलकीपरला खांदा मारून चेंडूसकट गोलात लोटायला मुभा होती. चेंडू कवटाळून बसण्यात शहाणपण नव्हतं, ठोसा हाणून तो लांब घालवायचा. व्हार्टनचा ठोसा नामी होता. प्रेस्टन या क्लबकडून तो एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत खेळला. तरी एका पत्रकारानं त्याच्या कातडीच्या रंगावरून टोमणा मारत विचारलंच, की गोल ही बागडायची जागा नव्हे हे याच्या टाळक्यात शिरत कसं नाही?

फुटबॉलसाठी उघडपणे पैसे घ्यायला १८८५ मध्ये परवानगी मिळाली होती. १८८९ मध्ये व्हार्टन रॉदरहॅम टाउनचा पगारी खेळाडू झाला. इथे मला राहून राहून हळहळ वाटते. त्यानं १८८८ मध्ये प्रेस्टन सोडलं, आणि त्याच मोसमात प्रेस्टननं एकही सामना न हरता लीग आणि कप दोन्ही जिंकले.

पुढे १८९४ मध्ये शेफिल्ड युनायटेडनं त्याला घेतलं, पण तिथे गोलात होता अवाढव्य बिल फोक. त्याला हलवणार कोण? व्हार्टनच्या वाट्याला मोजकेच सामने आले. त्यातल्या संडरलँडविरुद्धच्या सामन्यामुळे तो लीगच्या पहिल्या, म्हणजे सर्वात वरच्या विभागात खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.

१९०२ मध्ये स्टॉकपोर्ट क्लबकडे त्याचा खेळ थांबला. ना पेन्शन, ना फंड. उतारवयात तो यॉर्कशायरमधल्या एड्लिंग्टनच्या कोळसा खाणीत मजुरी करत होता. १९३० च्या डिसेंबरात तो एड्लिंग्टनमध्येच वारला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो १९९७ मध्ये.