रीड सुसाट, राइट रखडलेला

(दृश्य: सर्व्हरची रॅक. स्विचचे दिवे लुकलुकताहेत.)

मांडणी नेहमीची. एका सर्व्हरवर ईएसएक्सआय, म्हणजे एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर, त्यावर असे दहा-बारा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम). त्यांच्या डिस्क शेजारच्या स्टोरेज बॉक्सवर, झेडएफएस या फाइल सिस्टिमवर, मधे एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वापरायची पद्धत. तक्रारही नेहमीचीच: व्हीएम फार स्लो चालतायत. फाइल कॉपी करायला घेतली, की सेकंदाला जेमतेम तीन एमबी.

पहिला संशय नेटवर्कवर. केबल बदलली जाते, पोर्ट बदलला जातो, जंबो फ्रेम, म्हणजे 9000 बाइटची मोठी पाकिटं, चालू होतात. जंबो फ्रेमचीच शंका असेल, तर 8972 बाइटचा पिंग तुकडे न होता पलीकडे पोचतो का ते बघावं. 9000 मधून हेडरचे 28 वजा. पोचला, की तो विषय संपला.

आता तीच फाइल त्याच स्टोरेजवरून वाचून बघा. सेकंदाला 110 एमबी. गिगाबिट लिंकला याहून फारसं जमतही नाही. वायर तीच, स्विच तोच. मग घोडं पेंड खातंय कुठे?

(दृश्य: स्क्रीनवर ईएसएक्सटॉप, ईएसएक्सआयची कामगिरी दाखवणारं साधन. 'व्ही'ची कळ दाबली जाते.)

रीडची लेटन्सी, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, एका मिलिसेकंदाच्या आत. राइटची वीस. वीस मिलिसेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पण राइट एकामागून एकच जात असतील, तर सेकंदाला होतात पन्नास. प्रत्येकी 64 केबी धरले, तर झाले साधारण तीन एमबी. तक्रारीतला आकडा हाच.

ईएसएक्सआय एनएफएसवरचा प्रत्येक राइट सिंक पाठवतं. डेटा डिस्कवर पक्का बसल्याची पोचपावती आल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. रॅममध्ये घेतलाय, नंतर लिहितो, हे उत्तर चालत नाही. त्यामुळे बॉक्समध्ये आणखी रॅम घालणं हा इथे फुकटचा खर्च. झेडएफएस असा राइट आधी आपल्या लॉगमध्ये, म्हणजे झिलमध्ये, नोंदवतं. वेगळी लॉग डिस्क नसेल, तर ही नोंदही त्याच फिरत्या डिस्कवर. 7200 आरपीएमच्या डिस्कला एका फेरीलाच आठ मिलिसेकंदांहून जास्त लागतात. हेड हलायचा वेळ वेगळा.

खात्री करायची तर झेडएफएसमधलं सिंक मिनिटभर बंद करून बघतात. वेग एकदम शंभरीपार. इथेच मोह होतो: राहू दे की असंच! पण वीज गेली, की पोचपावती दिलेले शेवटचे काही सेकंद हवेत विरतात. झेडएफएस स्वतः शाबूत राहतं. आतल्या मशीनमधल्या डेटाबेसची खात्री कोण देणार?

(दृश्य: एसएसडीच्या सर्किट बोर्डवरचे कपॅसिटर, अगदी जवळून.)

उपाय म्हणजे वेगळी लॉग डिस्क, स्लॉग. काही जीबी पुरतात. मात्र एसएसडीवर हे कपॅसिटर हवेत. वीज गेल्यावरही हातातलं लिहून संपवण्यापुरता करंट ते देतात, म्हणून ती डिस्क पोचपावती लगेच देऊ शकते. दुकानातली साधी एसएसडी लावली, तर बऱ्याचदा फरक जाणवतच नाही.

चाचणी घेताना नुसत्या शून्यांची फाइल लिहू नका. कॉम्प्रेशन चालू असेल, तर झेडएफएस ती शून्यं गिळून टाकतं आणि आकडा भलताच देखणा येतो.

आणि 'एनएफएस सोडा, आयस्कझी घ्या, पळतं की नाही बघा' हा सल्ला हमखास मिळेल. आयस्कझी म्हणजे नेटवर्कवरून अख्खी डिस्कच जोडायची पद्धत. पळतं, खरंय. कारण झेडएफएसच्या मूळ सेटिंगमध्ये आयस्कझीचे राइट बहुतांशी सिंक नसतातच. तुलना करायचीच असेल, तर तिथे सिंक 'ऑलवेज', म्हणजे प्रत्येक राइटला सक्तीचं, करा आणि मग मोजा.