फाल्गुनातला पालापाचोळा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘गच्चीवरच्या उन्हाळी बागेचं नियोजन’. त्याकडे येतोच. पण आधी पाचोळ्याबद्दल बोलू द्या, कारण तो आत्ता पडतोय आणि उद्या सकाळी कुणीतरी झाडून पेटवणार आहे.

आपला वसंत जरा उलटाच. कवितेत पालवी फुटते, अंगणात आधी पानांचा ढीग पडतो. सोसायटी तो पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत घालते आणि त्याच दुपारी पहिल्या मजल्यावरचे काका नर्सरीतून लाल मातीच्या चार पिशव्या विकत आणतात. (हसू नका, पुढच्या रांगेत दोन-तीन काका बसलेत.) नुसती ती माती भरली की चार पाण्यांत विटेसारखी बसते. वाळली की कुंडीच्या कडेने सुटते. मग ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकात जातं आणि मधली मुळं कोरडीच राहतात. शिवाय वजन. वापरातल्या गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 150 किलो भार धरून आखतात. फूटभर ओली माती पसरली की तेवढ्याच जागेवर 500 किलोच्या आसपास जातं.

तर पाचोळा. 200 लिटरचा ड्रम घ्या, तळाला आणि अंगाला बोटभर भोकं पाडा. वर्षावृक्ष, गुलमोहर यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, वड चिवट, ती पायाखाली चुरून घ्या. निलगिरी नको. फूटभर थर, त्यावर शेणकाला, म्हणजे 10 लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण. पुन्हा थर. मूठभर पाचोळा पिळला की एक-दोन थेंब यावेत. कोरडा राहिला तर त्यात मुंग्या राहायला येतात, चिंब झाला तर वास येतो आणि शेजारी येतात. पंधरा दिवसांनी खालीवर करा. ढीग खचून तिसरा हिस्सा उरतो.

या ड्रममधलं पानांचं खत जूनला उपयोगी पडेल. यंदा कुंड्यांऐवजी ज्या बादल्यांत रोपं लावाल, त्यांत कच्ची पानं फक्त तळाला चार इंच आणि वरून आच्छादन म्हणून. मधल्या मातीत कालवू नका; कुजवणारे जीवाणू तिथलं नत्र ओढून घेतात, रोप पिवळं पडतं आणि आपण बियाणेवाल्याला शिव्या देतो. मधल्या भागात माती, कुजलेलं शेणखत आणि धुतलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, समसमान, वर मूठभर निंबोळी पेंड. शेणखताला वास येत असेल, हात घातल्यावर गरम लागत असेल, तर ते कच्चं आहे. त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळीही येते.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे नियोजन आता पळत.

सुरुवात बियांपासून करू नका, मे महिन्यातल्या पाण्यापासून करा. 20 लिटरच्या एका बादलीला तेव्हा रोज दीड-दोन लिटर लागतं. तीस बादल्या म्हणजे 45 ते 60 लिटर, आणि सुट्टीत सगळे गावाला! आच्छादन दोन-तीन इंच ठेवलंत तर वरची माती तापत नाही, पाणी टिकतं. तेवढं पाणी आणि माणूस नसेल तर दहाच बादल्या भरा.

भेंडी, गवार, काकडी, दोडका फेब्रुवारीत, रात्रीची थंडी ओसरली की. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. वेलाला एका बादलीत एकच रोप, आणि मांडव बी टाकायच्या आधी. नंतर बांबू खुपसलात तर मुळं तुटतात. टोमॅटो आता लावू नका, 35 अंशांच्या वर फुलं गळतात. कोथिंबीर, पालकाला मार्चच्या मध्यापासून 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, पश्चिमेकडूनही.

दोडक्याला आधी नुसती नर फुलं येतात, घाबरू नका. मादी फुलामागे इवलासा दोडका असतो. फुलं संध्याकाळी उमलतात. मधमाश्या दिसल्या नाहीत तर नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मादी फुलात हलकेच टेकवा.

दुसरी चिठ्ठी आली. बाकीचं चहाच्या टेबलापाशी. आणि काका, त्या लाल मातीच्या पिशव्या फेकू नका, मिश्रणात चालतात.