दोन गोलांचं विजेतेपद

मंडळी, विषय आपल्या प्रीमियर हँडबॉल लीगच्या स्पर्धा-पद्धतीचा आहे. त्याकडे येतोच, पण आधी जर्मनीत जाऊन येऊ.

२४ मे २०१४. बुंडेसलीगाच्या, म्हणजे तिथल्या हँडबॉल लीगच्या, हंगामाचा शेवटचा दिवस. अठरा संघ, प्रत्येकाचे ३४ सामने, जिंकलं की दोन गुण, बरोबरीला एक. १९६६ला सुरुवात झाली तेव्हा उत्तर आणि दक्षिण असे दोन गट होते. १९७७पासून एकच गट. एकत्रीकरणानंतरचा एक हंगाम सोडला, तर तेव्हापासून अंतिम सामना नाहीच. तक्त्यात वर राहील तो विजेता. आणि तो तक्ता तरी कसा! मिळवलेल्या गुणांशेजारी गमावलेले गुणही छापतात. २०११-१२ला कील या संघाने सगळे सामने जिंकले, तेव्हा तिथे ६८:० दिसत होतं. त्या शून्याकडे मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

तर त्या शेवटच्या दिवशी कील आणि राइन-नेकार लोवेन यांचे गुण सारखे. मग बघायचा गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले; त्यात लोवेन सातने पुढे. दोघांचेही प्रशिक्षक आइसलंडचे. एवढासा देश, पण हँडबॉलवेडा! लोवेन गुमर्सबाखला खेळत होते, कील घरी, बर्लिनच्या संघाशी. लोवेन ४०-३५ने जिंकले. परक्या मैदानावर चाळीस गोल, सांगा, आणखी काय करायचं? पण कील जिंकलं ३७-२३. मांडा गणित. चौदातून पाच गेले, नऊ. नवातून सात गेले, दोन. दोन गोलांनी विजेतेपद कीलचं!

दहा गोलांची आघाडी असलेला संघ एरवी काय करतो? चेंडू फिरवत बसतो, राखीव पोरांना उतरवतो. कीलला ती सोयच नव्हती. आणि लोवेनचा विचार करा. आठ महिन्यांपूर्वीच्या, आरामात जिंकलेल्या एखाद्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला ‘जाऊ दे’ म्हणून सोडलेला गोल त्यांना किती छळला असेल! साखळीत ‘जाऊ दे’ नसतं.

आता आपल्याकडचं. शाळेच्या पोरांना मी बरीच वर्षं हँडबॉल शिकवतोय. एकदा स्पर्धेसाठी रात्रभर एसटीने गेलो. सकाळी नऊला सामना. बाद फेरी. शेवटच्या क्षणी सात मीटरची पेनल्टी वाया गेली आणि एका गोलाने हरलो. साडेदहाला परतीच्या गाडीत. गोलरक्षकाने बोटांच्या पट्ट्यासुद्धा सोडल्या नव्हत्या. त्याने विचारलं, “सर, आता परत कधी?” मी म्हटलं, पुढच्या वर्षी. दुसरं काय सांगणार? वर्षभर सराव करायचा आणि खेळायचं एक तास, हे मला आजही पटत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा भराभर सांगतो.

आपली लीग जून २०२३मध्ये जयपूरला झाली. सहा संघ, दुहेरी साखळी, म्हणजे ३० सामने. मग पहिल्या चौघांच्या दोन उपांत्य लढती आणि अंतिम सामना. एकूण ३३. गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेशला हरवून आपले महाराष्ट्र आयर्नमेन पहिले विजेते ठरले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सहातले चार पुढे जाणार असतील, तर तीस सामन्यांनी गाळलं कोणाला? दोघांना! पहिला आणि चौथा उपांत्य फेरीत पुन्हा शून्यावर. जमवलेला गोलफरक वाया. शिवाय सगळे सामने एकाच स्टेडियममध्ये, म्हणजे घरचं-परकं मैदान नाहीच.

माझं म्हणणं असं: अंतिम सामना हवा तर ठेवा, प्रेक्षकांना तो लागतो. पण साखळीतला पहिला थेट अंतिम फेरीत जावा, दुसरा-तिसरा आपसात खेळोत. म्हणजे पहिल्या जागेसाठी विसाव्या सामन्यातला गोलही मोलाचा. आणि प्रत्येक संघाला निदान दोन सामने आपल्या गावात मिळावेत.

शाळांच्या स्पर्धा भरवणारे इथे बसलेत, त्यांना एकच विनंती. चार-चार संघांचे गट करा, प्रत्येकाला तीन सामने मिळतील. एखादा दिवस वाढेल. मैदान आखायला मी येतो.