एक्सकॉममध्ये तुकडी जिवंत कशी ठेवावी

पडद्यावर दिसणारे हे चार सैनिक ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ या 2012 साली फिराक्सिस कंपनीने आणलेल्या व्हिडिओ गेममधले आहेत. 1994 सालच्या मूळ खेळाप्रमाणे येथेही आधी आपली पाळी येते, मग परग्रहावरून आलेल्या शत्रूची, आणि एकदा मारला गेलेला सैनिक पुढच्या मोहिमेत परत येत नाही. सैनिक गमावला की नवखा खेळाडू नेमाला आणि नशिबाला दोष देतो. परंतु बहुतेक वेळा घात झालेला असतो तो त्याआधीच, कोणाला कोठे आणि कोणत्या क्रमाने हलवले यात.

नकाशाच्या अंधाऱ्या भागात शत्रूचे छोटे छोटे गट वावरत असतात. आपल्या एखाद्या सैनिकाच्या नजरेस पडेपर्यंत असा गट बहुधा हल्ला करत नाही. मात्र नजरानजर होताच, आपली पाळी चालू असतानाच, त्याला पांगून आडोसा गाठण्याची फुकटची संधी मिळते. आता हे दृश्य पाहा. तीन सैनिकांच्या चाली संपल्या आहेत आणि खेळाडूने चौथ्याला, पुढचे थोडे दिसावे एवढ्याच हेतूने, ट्रकच्या पलीकडे धावत पाठवले आहे. तेथे तीन शत्रू उभे होते. ते क्षणात आडोशाला गेले, आणि लगेच सुरू झालेल्या त्यांच्या पाळीत तिघांच्याही बंदुका त्या एकट्या सैनिकावर रोखल्या गेल्या. हेच शत्रू पहिल्या सैनिकाला दिसले असते, तर उरलेल्या तिघांना प्रत्युत्तर देता आले असते. म्हणून अनोळखी जमिनीवर पाऊल टाकायचे ते पाळीच्या सुरुवातीला, आणि बाकीच्यांनी शक्यतो आधीच दिसलेल्या भागातच राहायचे.

आडोशाचे गणित सोपे आहे. अर्ध्या उंचीचा आडोसा शत्रूच्या नेमातून 20 अंक वजा करतो, तर पूर्ण उंचीचा 40. मात्र शत्रू बगलेला आला की हे संरक्षण शून्य होते आणि वर्मी घाव बसण्याची शक्यता 50 अंकांनी वाढते. त्यामुळे सैनिक उभा करण्यासाठी चौकोन निवडताना आडोसा दाखवणाऱ्या ढालीच्या चिन्हाबरोबरच ती ढाल कोणत्या बाजूला आहे, हेही पाहावे लागते.

टक्केवारीचा मोह यापेक्षा वाईट. गोळी लागण्याची शक्यता 85 टक्के म्हणजे ती नक्कीच लागणार, असे मन सांगते. पण अशा तीन गोळ्या सलग लागण्याची शक्यता जेमतेम 61 टक्के असते. ज्या डावपेचात एकही गोळी चुकून चालत नाही, तो डावपेच मुळातच कच्चा आहे. ग्रेनेडचा नेम चुकत नाही, शिवाय तो आडोसाही उडवून देतो. त्याने मारलेल्या शत्रूकडून शस्त्रांचे अवशेष हाती लागत नाहीत हे खरे, तरीही सुरुवातीच्या मोहिमांत ग्रेनेड जपून ठेवणे हा निव्वळ कंजूषपणा आहे.

परिस्थिती हाताबाहेर जाऊ लागली, तर माघार घेण्यात कमीपणा नाही. सैनिकांना शत्रूच्या नजरेआड, पूर्ण आडोशामागे आणून ओव्हरवॉचवर, म्हणजे नेम धरून पहाऱ्यावर, ठेवले की, पाठलाग करत पुढे येणाऱ्या शत्रूवर ते त्याच्याच पाळीत गोळी झाडतात. अशा गोळीचा नेम काहीसा कमी असतो, परंतु शत्रू त्या वेळी उघड्यावर असतो.

राहिला प्रश्न गोळी चुकली म्हणून जुना सेव्ह, म्हणजे आधी जतन केलेला डाव, पुन्हा उघडण्याचा. या खेळात गोळी लागणार की चुकणार हे ठरवणारे पुढचे यादृच्छिक आकडे सेव्हसोबतच जतन होतात, त्यामुळे तोच सैनिक, त्याच क्रमाने, तीच गोळी झाडू लागला तर ती पुन्हा चुकते. निकाल बदलायचा असेल, तर क्रम बदलून आधी दुसऱ्या सैनिकाला गोळी झाडू द्यावी लागते.