जिंकलेल्या पोरांचा जल्लोष आणि साथ: मंडळांनी आत्ताच ठरवायची गोष्ट

विषय तुम्ही बाहेरच्या फळ्यावर वाचलाच असेल. आत येताना दोघातिघांनी मला विचारलं पण, की कोरोना गेला, मास्क ड्रॉवरमध्ये पडले, आता हे कशाला उकरून काढताय. अहो म्हणूनच काढतोय. साथ चालू असते तेव्हा मंडळाच्या मीटिंगमध्ये कोणी कोणाचं ऐकत नाही, अर्धे घाबरलेले असतात आणि अर्धे वैतागलेले. सगळे ठणठणीत असतानाच प्रत्येक क्रीडा मंडळानं एक ठराव लिहून ठेवावा, की साथीत आपल्या पोरापोरींची टीम जिंकली तर जल्लोष करायचा का, कसा करायचा आणि ते ठरवणार कोण. त्या ठरावात काय असावं हे सांगायला मी आलोय. चाळीस मिनिटं दिलीत, पुरतील.

आधी आपल्या खेळाचं बोलू. कबड्डी म्हणजे दमाचा खेळ, रेडर तोंडानं अखंड कबड्डी कबड्डी म्हणत समोरच्याच्या अंगावर जातो आणि पाच-सहा जण त्याच्यावर पडतात. श्वासातून पसरणाऱ्या रोगाला यापेक्षा सोयीचं काय हवं? म्हणून तर प्रो कबड्डीचा 2020 चा सीझन झालाच नाही, आणि आठवा सीझन डिसेंबर 2021 मध्ये सुरू झाला तो बंगळुरूच्या एका हॉटेलात, सगळ्या टीम एकाच छताखाली, प्रेक्षक शून्य. एवढं करूनही जानेवारीत दोन टीममध्ये कोरोना शिरला आणि टाइमटेबल बदलावं लागलं. ज्यांच्याकडे डॉक्टर, टेस्टिंग, पैसा सगळं होतं त्यांची ही गत, मग आपण तर म्युनिसिपालिटीच्या मैदानावर खेळणारी माणसं.

पण माझं म्हणणं खेळाबद्दल नाहीये, आणि इथेच लोकांची गल्लत होते. मॅच वेगळी आणि जल्लोष वेगळा. मॅच चाळीस मिनिटांची, उघड्यावर, सात-सात पोरं, फार तर बेंचवरची धरा. जल्लोषाला मात्र आई-बाबा, आजी, शेजारी, शाखेतले, जुने खेळाडू, बंद हॉल, जेवण, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओरडणं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मार्च 2020 मध्ये एका गायकवृंदाची अडीच तासांची प्रॅक्टिस झाली, 61 जण आले होते, त्यातले 50 च्या वर आजारी पडले आणि दोघं गेले. गाणी म्हणत होते हो नुसती, कुस्ती नाही खेळत. आता आपल्या पोरांच्या घोषणा आठवा, ‘आवाज कुणाचा’ म्हटलं की मागच्या गल्लीतून उत्तर येतं. म्हणून मॅचला परवानगी मिळाली म्हणजे पार्टीलाही मिळाली, असं कोणी म्हणालं की मी तिथल्या तिथे थांबवतो.

आता ती गोष्ट सांगतो, जी बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे. नाव कोणाचंच घेणार नाही, मंडळाचंही नाही, मी तिथे पोरांना शिकवायला जायचो एवढं पुरे. 2021 चा डिसेंबर संपत आलेला. किशोर गटाची टीम स्पर्धा जिंकली, जवळजवळ दोन वर्षं मैदान नीट न मिळालेली पोरं ती. तुम्ही विचार करा, किशोर गट सोळा वर्षांखालचा, लॉकडाऊन लागला तेव्हा जो पंधराचा होता त्याचा तो गटच निघून गेला, परत मिळणार नाही. त्यामुळे जी उरली त्यांच्यासाठी तो कप म्हणजे सर्वस्व होतं, आणि जल्लोष त्यांचा हक्क होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पोरांना काय हवं होतं? मैदानावरच ढोल, एक गाडी पावभाजी, आणि कप घेऊन चाळीतून एक फेरी. संपलं.

पण तेव्हा हवा होती महापालिका निवडणुकीची, फेब्रुवारीत होणार म्हणून सगळे तयारीला लागलेले, आणि जिंकलेली टीम म्हणजे तयार स्टेज. एका नेत्यांकडून निरोप आला की सत्कार आम्ही करतो, एसी हॉल आमचा, जेवण आमचं, बॅनर आमचा. मीटिंगमध्ये मी उठून बोललो, की ओमायक्रॉनच्या बातम्या येतायत, पोरांना अजून लस नाही (पंधरा ते अठराचं लसीकरण 3 जानेवारी 2022 ला सुरू झालं आणि आपली निम्मी टीम तर चौदाचीच), हॉलला खिडकी उघडत नाही, मैदानावर करू या. मला सांगण्यात आलं की सर, पोरांच्या आनंदात विघ्न आणू नका. मतदान झालं, मी हरलो.

कार्यक्रम पाचचा होता, पोरं साडेचारला ट्रॅकसूट घालून बसली. पाहुणे आले आठला. साडेतीन तास बंद एसी हॉलमध्ये, मास्क हनुवटीवर, मागे घरचे लोक, मधूनमधून वेळ काढायला घोषणा. मग भाषणं, एकामागून एक, त्यात कॅप्टनचं नाव चुकीचं घेतलं. शाल-श्रीफळ कोणाला? अध्यक्ष, कार्यवाह, प्रायोजक, प्रायोजकाचे भाऊ. (हसताय ना, तुमच्यापैकी किती जणांच्या कपाटात असल्या शाली आहेत ते मला माहितेय.) पोरांना शेवटी एका रांगेत उभं करून एक फोटो, आणि तोवर पुलाव गार. कपाला हात लावायला मिळाला तो फक्त कॅप्टनला. आणि ह्याला पोरांचा आनंद म्हणायचं!

तीन-चार दिवसांत ताप सुरू झाले. नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत ओमायक्रॉन इतका होता की कोणाला कुठून लागला हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही, मीही सांगत नाही. पण चाळीनं सांगून टाकलं. आमचा एक डावा कोपरारक्षक, घर 160 चौरस फुटांचं, बीडीडी चाळीतलं, त्यात सहा माणसं, वेगळं राहायचं म्हणजे गॅलरीत राहायचं. त्याच्या आजीला ॲडमिट करावं लागलं. आजी वाचल्या, घरी आल्या, पण तोवर मजल्यावरच्यांनी त्या पोराला ऐकवून ऐकवून ठेवलेलं, की तू कप आणलास आणि रोगही आणलास. चौदा वर्षांचा पोरगा. ज्यानं हॉल ठरवला नाही, तारीख ठरवली नाही, ज्याला विचारलं पण नाही. तो मैदानावर यायचा बंद झाला. मी घरी गेलो, त्याचे वडील गेले समजवायला, उपयोग नाही. निर्णय मोठ्यांचा आणि ठपका पोराच्या माथी, हे मला सहन होत नाही, आणि आज मी इथे उभा आहे तो त्याच्यामुळे.

त्याच महिन्यात तिकडे वेस्ट इंडीजमध्ये काय चाललेलं बघा. आपली अंडर-19 क्रिकेट टीम वर्ल्ड कपला, कोच आपले हृषीकेश कानिटकर, टीममध्ये विकी ओस्तवाल, राजवर्धन हंगर्गेकर, कौशल तांबे ही आपल्याकडची पोरं. कॅप्टन यश धुल आणि व्हाइस कॅप्टन शेख रशीद धरून सहा जण आयसोलेशनमध्ये. आयर्लंडच्या मॅचला मोजून अकरा फिट. ती आजारी पोरं खोलीत राहिली, टीम त्यांच्याशिवाय खेळली, मग बरी होऊन परत आली आणि सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध धुलनं सेंच्युरी ठोकली, रशीदनं 94, आणि 5 फेब्रुवारीला इंग्लंडला हरवून कप आणला. म्हणजे अठरा-एकोणीसची पोरं थांबू शकतात. त्यांना नीट सांगा, थांबतात. ज्यांना थांबवत नाही ते स्टेजवरचे.

किती राहिली? दहाच मिनिटं? हॉल दुसऱ्यांना द्यायचाय म्हणे. बरं, मग ठरावाचं भराभर सांगतो, लिहून घ्या.

निर्णय स्पर्धेच्या आधी घ्यायचा, जिंकल्यावर नाही, कारण कप हातात असताना नाही म्हणायची ताकद कोणातच नसते. निर्णय घेणाऱ्यांत कोच, दोन पालक आणि मंडळातला किंवा वस्तीतला एक डॉक्टर, आणि ज्याला स्टेजवर बसायचंय त्याला मत नाही. पोरांना काय हवंय ते विचारायचं, पण नाही म्हणायचं ओझं त्यांच्यावर टाकायचं नाही.

जल्लोष बंद खोलीत नाही, कधीच नाही. मैदानावर, मॅच संपल्यावर तिथेच, अर्धा तास. ढोल चालेल, घोषणा कमी, जेवण एकत्र नाही तर पाकीट घरी. मेडल तबकात ठेवा, ज्याचं त्यानं उचलून गळ्यात घालावं, टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 ला तसंच केलं आणि कोणाचं सोनं कमी झालं नाही. ज्याच्या घरी म्हातारं माणूस किंवा आजारी माणूस आहे त्यानं आलं नाही तरी चालेल, त्याला पुढच्या टीममधून काढायचं नाही, हे ठरावात शब्दात हवं. ताप असलेला घरी, त्याचं मेडल त्याच्या चाळीखाली पोचवायचं आणि ते मंडळाच्या खर्चानं.

आणि साथ जोरात असेल, दवाखाने भरलेले असतील, तर काहीच नाही. पण ‘रद्द’ लिहायचं नाही, ‘पुढे ढकलला’ लिहायचं आणि कधी करणार ते लिहायचं, म्हणजे सरकारनं निर्बंध उठवल्यापासून एका महिन्यात. आपल्याकडे 2 एप्रिल 2022 ला, पाडव्याला, सगळे निर्बंध उठले. किती मंडळांनी त्यानंतर थांबलेल्या पोरांना बोलावून जल्लोष केला? हात वर करा. एक... दोन. बाकीच्यांनी ती पोरं अजून कुठे राहतात ते शोधा, बरीचशी कामाला लागली असतील, पण बोलवा.

कोणी आजारी पडलंच तर मंडळाच्या अध्यक्षानं चाळीच्या कमिटीला स्वतः जाऊन सांगायचं की कार्यक्रम आम्ही ठरवला होता. हे शेवटचं कलम काढू नका, बाकीचं बदलायचं ते बदला. ठरावाच्या झेरॉक्स दाराजवळच्या टेबलावर आहेत, प्रत्येक मंडळानं एक न्या, आणि येत्या मीटिंगला विषयपत्रिकेवर घ्या. प्रश्न खाली चहाला विचारा, हे लोक खुर्च्या उचलायला लागलेत.